खापरीवरचा नंबर

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे 2000 वर्षांमागं इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तेरच्या जमिनीतून मणी, खापऱ्या, मातीच्या बाहुल्या निघत. गावच्याच रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी त्या जमवल्या. आज त्यांच्याच नावानं तिथं सरकारी संग्रहालय आहे.

हस्तिदंती बाहुलीचं नाव सगळे घेतात. वस्तू राखणाऱ्यांचं कोण घेतं? संग्रहालयातलं काम बियाणं राखण्यासारखंच. खापरीवर बारीक नंबर घालायचा, वहीत नोंद करायची. नंबर पुसला, की खापरी कुठली ते कायमचं गेलं. पावसाळ्यात ओल न् वाळवी बघायची. शाळेची पोरं आली, की तेच पुन्हा न कंटाळता सांगायचं. आपल्याकडं हार पुढाऱ्यांनाच. गावच्या जयंतीला एखादा ह्यांच्याही गळ्यात पडू द्या की!