रविवार आणि राणीची बाग

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची मोठी सभा भरली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी बोलावलेल्या या सभेला दहा हजारांच्या आसपास माणसं आली होती आणि दोन कामगार स्त्रियाही तिथे उभ्या राहून बोलल्या. मागणी साधी होती. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत साच्यांपुढे उभं राहणाऱ्या माणसाला घरच्यांशी चार शब्द बोलायलाही वेळ उरत नसे. परळच्या सभेत १८८४ सालीच ही मागणी करून झाली होती. साडेपाच हजार सह्यांचा अर्जही गेला होता. मालकांनी अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली.

सुट्टी मिळाली, पण ती घालवायची कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पाळीपाळीनं झोपावं लागे, तिथे मुलाबाळांना घेऊन बसायचं तरी कसं?

भायखळ्याच्या एका बागेत या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. लोखंड्यांच्या लढ्याला यश आलं त्याच सुमारास, १८९० च्या आसपास, त्या बागेला जोडून आणखी पंधरा एकर जमीन घेण्यात आली आणि तिथे प्राणिसंग्रहालय थाटलं गेलं. या दोन गोष्टी कुणी ठरवून एकत्र आणल्या नव्हत्या. तरी मुंबईच्या कष्टकरी कुटुंबाचा फावला वेळ या दोहोंच्या जोडीनं घडवला, असं म्हणायला हरकत नाही.

बाग मात्र जुनी होती आणि ती कामगारांसाठी काढलेली नव्हती. पश्चिम भारतातल्या शेती-बागायतीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची आधी शिवडीला बाग होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली, तेव्हा भायखळ्याला नवी बाग वसवण्यात आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं आणि तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय १८७२ साली याच आवारात लोकांसाठी खुलं झालं. पुढच्याच वर्षी बाग वसवणारी ती संस्था बंद पडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. साहेबांच्या हौसेची बाग सगळ्या शहराची झाली ती तेव्हापासून.

लोकांनी नाव घेतलं ते 'राणीची बाग'. स्वातंत्र्यानंतर वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव उद्यानाला देण्यात आलं, पण बसच्या कंडक्टरपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी राणीची बागच राहिली.

भायखळा, लालबाग, परळ, चिंचपोकळी. गिरणगावातून बागेपर्यंत चालत जाता येत असे. ट्रामला किंवा बसला पैसे मोडायची गरज नव्हती आणि तुटपुंज्या पगाराच्या घरात ही मोठी गोष्ट होती. अर्थात सुरुवातीच्या काळात कामगारांतले कितीतरी जण एकटेच असत. बायको-मुलं कोकणात किंवा घाटावर, आणि हा इथे खानावळीत. रविवारचा अर्धा दिवस पुष्कळदा यंत्रं पुसण्यातही जाई. पण घरची माणसं चार दिवसांसाठी मुंबईला आली की त्यांना राणीची बाग दाखवणं आलंच. समुद्र, महालक्ष्मी आणि राणीची बाग एवढं पाहिलं की मुंबई पाहिली. पुढे बिऱ्हाडं मुंबईत स्थिरावली, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत गावाहून आलेल्या भाचरांची वरात घेऊन निघणारी मामी हे बागेच्या दारातलं नेहमीचं दृश्य झालं.

बागेतला दिवस कसा जाई, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारावं. पोळी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली घरूनच यायची. वाटेत शेंगदाण्यांच्या पुड्या घेतल्या जात. आधी हत्ती, मग माकडं, मग वाघ-सिंह, आणि पाय दुखायला लागले की एखाद्या डेरेदार झाडाखाली सतरंजी. एके काळी इथे हत्तीवर बसून फेरी मारता येई. तो हलता उंचवटा, हातात घट्ट धरलेली कड आणि खालून ओरडून धीर देणारे बाबा, हे ज्यांनी अनुभवलं ते सत्तरीतही हातवारे करून सांगतात. जाळीतून शेंगदाणे भरवायला आता बंदी आहे आणि ती योग्यच आहे. प्राण्यांच्या पोटाचे हाल त्या काळी कुणी मोजत नव्हतं.

गजांमागच्या प्राण्यांइतकंच न हलणाऱ्या पुतळ्यांचंही इथे आकर्षण होतं. घारापुरीचा प्रचंड दगडी हत्ती १८६४ साली हलवताना तुटला. त्याचे तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडले गेले. आज तो संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. फोर्टातल्या ज्या घोडेस्वाराच्या पुतळ्यामुळे तिथल्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं, तो पुतळाही १९६५ साली इथेच हलवला गेला. आजोबांनी नातवाला इतिहास सांगायचा म्हटलं, तर याहून स्वस्त शाळा मिळणं कठीण. वस्तुसंग्रहालयाला १ नोव्हेंबर १९७५ रोजी डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव देण्यात आलं. त्याच्या उभारणीत या शहरातल्या एका मराठी डॉक्टराचा किती वाटा होता, हे निदान त्या पाटीमुळे मुलांच्या कानावर पडतं.

आणि झाडं! तीन हजारांहून अधिक झाडं या एका आवारात आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, खोडालाच फुलं लागणारा कैलासपती, लाल-पिवळ्या झुंबरांची उर्वशी. गोरखचिंचेच्या खोडाभोवती हातात हात धरून कडं करून पाहणं हा इथला बिनखर्चाचा खेळ आहे. त्यात आई-वडील, मुलं, मावशी सगळ्यांनाच उतरावं लागतं. २००७ साली महापालिकेनं प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेचा सुमारे ४३३ कोटींचा आराखडा पुढे आणला. त्यात या वृक्षसंपदेवर घाला येणार, हे लक्षात येताच काही नागरिकांनी, त्यातही विशेष करून स्त्रियांनी, कंबर कसली. झाडांच्या याद्या केल्या, फेऱ्या काढल्या, अर्जविनंत्या केल्या. तो आराखडा मागे पडला. मुंबईनं त्यांचं ऋण मानायला हवं.

मग आले पेंग्विन. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. मार्च २०१७ पासून उरलेले लोकांना पाहता येऊ लागले आणि दारात रांगा लागल्या. तोवर तिकीट मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये होतं. त्याच वर्षी ते मोठ्यांसाठी पन्नास आणि तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पंचवीस झालं. म्हणजे चौदा रुपयांत आत जाणाऱ्या चौघांच्या घराला दीडशे मोजावे लागले असते. इथे महापालिकेनं एक चांगली गोष्ट केली. आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबासाठी शंभर रुपयांचं एकच तिकीट ठेवलं. एकत्र येणाऱ्यांना सवलत, हे तत्त्व कागदावर आलं.

पण या कुटुंबात तिसरं मूल बसत नाही. सुट्टीला आलेली आत्या बसत नाही, भाचरं बसत नाहीत. ज्या बागेत सव्वाशे वर्षं माणसं घोळक्यानं येत राहिली, तिच्या खिडकीवर कुटुंब म्हणजे चारच माणसं हा हिशेब तोकडा आहे. दर ठरवणाऱ्यांनी तो बदलावा. बागेच्या देखभालीला पैसे लागतात, हे खरं. पण लोखंड्यांनी झगडून मिळवलेला रविवार ज्यांच्यासाठी होता, त्यांच्या वारसांना तो परवडेल अशा जागा या शहरात फार उरलेल्या नाहीत. मैदानं आक्रसली. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले आणि तिथे चार माणसांच्या खाण्याचं बिल पाहून पुष्कळ घरं मुकाट्यानं मागे फिरतात.

या सुट्टीत जायचं असेल तर भायखळा स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरावं, डबा घरून न्यावा आणि पेंग्विनांच्या गर्दीआधी झाडांना वेळ द्यावा. बुधवारी बाग बंद असते.