पवित्र शास्त्राचा अधिकार आणि आपले दैनंदिन आचरण

पवित्र शास्त्राचा अधिकार म्हणजे आपल्या श्रद्धेवर व आचरणावर देवशब्दाचा असलेला हक्क. शास्त्र देवप्रेरित आहे आणि माणसाला सदाचरणासाठी घडविते, असे संत पौलाने तीमथ्याला कळविले आहे (२ तीमथ्य ३:१६-१७).

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथोलिक बायबलमध्ये जुन्या कराराचे ४६ आणि नव्या कराराचे २७ असे एकूण ७३ ग्रंथ आहेत. ट्रेंटच्या महासभेने ८ एप्रिल १५४६ रोजी या सूचीवर शिक्कामोर्तब केले. पवित्र शास्त्र, पवित्र परंपरा आणि ख्रिस्तसभेचा शिकवणीचा अधिकार ही तिन्ही एकमेकांशी निगडित असल्याचे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात (१८ नोव्हेंबर १९६५) स्पष्ट केले. शिकवणीचा हा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे. म्हणूनच एखादे वचन संदर्भावाचून उचलून त्यावर निर्णय घेणे योग्य नव्हे.

गावातील कसोटी

परभणी जिल्हा १७ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. अशा शेतीप्रधान परिसरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला शास्त्राची आज्ञा कोठे भेटते?

१. बांध : शेजाऱ्याची हद्द सरकविण्यास शास्त्राची मनाई आहे (अनुवाद १९:१४). नांगरताना वीतभर बांध कोरणे हे देवाच्या आज्ञेचे उल्लंघन ठरते.

२. मजुरी : गरीब मजुराचे दाम सूर्यास्तापूर्वी द्यावे (अनुवाद २४:१४-१५). कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवापाशी दाद मागते, असा इशारा संत याकोब देतो (५:४). कापूस वेचणीचे पैसे ‘पुढच्या बाजाराला पाहू’ म्हणून लांबविणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

३. आजार : प्रार्थना करावी आणि वैद्याकडेही जावे, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली आहेत, असे बेन सिराचा ग्रंथ सांगतो (३८:१-१५). प्रार्थनेच्या भरवशावर क्षयरोगाच्या गोळ्या बंद करणे हा विश्वास नव्हे. त्यात रुग्णाचा जीव जाऊ शकतो आणि घरातील इतरांनाही धोका संभवतो.

४. तंटा : वेदीवर अर्पण आणण्यापूर्वी बंधूशी समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). भाऊबंदकीचे दावे वर्षानुवर्षे चालविणाऱ्या कुटुंबांना ही आज्ञा सर्वांत जड वाटते.

वाचनाची शिस्त

रविवारच्या मिस्सातील वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. त्यामुळे नियमित येणाऱ्या भाविकाला शुभवर्तमानांचा मोठा भाग ऐकावयास मिळतो. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून नेमून दिला. मराठी वाचकांना दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ उपयुक्त आहे.

सायंप्रार्थनेच्या वेळी कुटुंबाने एक उतारा वाचावा, क्षणभर शांत राहावे आणि ‘हे वचन आज माझ्याकडून काय मागते?’ असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. अर्थाविषयी शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे. अर्थ स्पष्ट असल्यास मात्र उद्यावर न टाकता पाळावे. मजुराचे दाम त्याच सायंकाळी त्याच्या हाती पडावे.