नाताळ, टर्की आणि हाउसमन

इ. स. १८८५ च्या डिसेंबरअखेर राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. परंतु ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ उद्भवल्यामुळे ते मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले आणि २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी तेथे जमले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तारीख डिसेंबरअखेरचीच का धरली, हे मात्र क्वचित सांगितले जाते. त्या आठवड्यात कोर्टकचेऱ्यांना नाताळची सुटी असे, आणि राष्ट्रकार्यात पडलेल्या मंडळीत वकिलांचा भरणा मोठा असल्याने देशाचे राजकारण पुढे कित्येक वर्षे न्यायालयांच्या सुटीच्या खुंटीला बांधलेले राहिले. ज्या पटकीने अधिवेशनाची जागा बदलली तिच्या रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरांना मात्र या सुटीशी काही कर्तव्य नव्हते. गोकुळदास तेजपाल यांच्याच नावाचे एक रुग्णालय तेव्हाही मुंबईत चालू होते, आणि पाठशाळेला सुटी असली तरी रुग्णालयाला टाळे लागत नाही.

ज्या राज्यकर्त्यांच्या घरून ही सुटी आपल्याकडे आली, त्यांच्या स्वतःच्या देशात रुग्णालयातील तरुण डॉक्टरांचा नाताळ कसा जात असे, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि जरा खोल गेल्यास तितकासा गोड नाही.

इंग्लंडातील जुनी रुग्णालये ही धर्मादाय खाती होती. लंडनचे सेंट बार्थोलोम्यूज ११२३ सालचे. गायज हे थॉमस गाय नावाच्या पुस्तकविक्रेत्याने साउथ सी कंपनीच्या रोख्यांत मिळविलेल्या अफाट पैशातून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिलेले. तेथील थोर भिषग्वर आणि शल्यविशारद शहरात आपापल्या वाड्यांत राहत, श्रीमंत रोग्यांपासून द्रव्यार्जन करीत, आणि रुग्णालयात ठरावीक वारी, नाममात्र बिदागीवर किंवा तीवाचूनही, येऊन जात. मग रात्री दोन वाजता गाडीखाली सापडलेला हमाल दाराशी आणला तर त्याला पाहावयाचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून तरुण मनुष्य रुग्णालयाच्या आवारातच राहता ठेवण्याची वहिवाट पडली. गायजमध्ये ‘ड्रेसर’ म्हणविणारे शल्यवैद्याचे साहाय्यक आळीपाळीने आठवडाभर आत मुक्काम करीत, आणि तेवढ्या आठवड्यापुरते जखमा, मोडलेली हाडे व रक्तस्राव यांचे खाते त्यांच्या हवाली असे.

या ड्रेसरांत जॉन कीट्स हा कवी होता. १८१६ च्या मार्चमध्ये वर्षभराच्या मुदतीने त्याची नेमणूक झाली होती, म्हणजे त्या सालचा नाताळ त्याच्या मुदतीतच पडला. परंतु ३० डिसेंबरच्या सायंकाळी हे गृहस्थ गायजपासून दूर हॅम्पस्टेडला आपला मित्र ली हंट याच्या घरी बसून, नाकतोडा आणि रातकिडा या विषयावर घड्याळ लावून सुनीत रचण्याच्या पैजेत गुंतले होते. त्या आठवड्यात पाळी त्याच्याकडे नसावी, एवढेच औदार्याने म्हणावे. १८१७ च्या मार्चमध्ये मुदत संपली, त्याच महिन्यात त्याचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, आणि वैद्यकाने एक मध्यम प्रतीचा शल्यवैद्य गमावला.

कीट्सच्या काळी रुग्णालयात नाताळ फारसा साजरा होत नसावा. कारण आज आपण ज्याला इंग्रजी नाताळ म्हणून ओळखतो तो बव्हंशी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत घडविला गेलेला आहे. डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ ची, आणि राणीच्या कुटुंबाचे सजविलेल्या सूचिपर्णी वृक्षाभोवती उभे असलेले चित्र वृत्तपत्रातून घरोघर पोचले ते १८४८ साली. हा नवा सण रुग्णालयात रुजण्यास आणखी एक कारण घडले. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची परिचारिकाशाळा निघाली आणि पुढील दोनतीन दशकांत वॉर्डाचा कारभार शिकलेल्या, कडक, आजन्म अविवाहित राहणाऱ्या सिस्टरांच्या हाती गेला. डॉक्टर सहा महिन्यांनी बदलत, रोगी महिन्याने. सिस्टर मात्र तीस-तीस वर्षे त्याच वॉर्डात. वॉर्ड हेच तिचे घर असल्यामुळे सणही तिने तेथेच मांडला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सणाने जे रूप घेतले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. आरास कोणत्या कल्पनेची करावयाची ही प्रत्येक वॉर्डाची गुप्त मसलत असे, आणि शेजारच्या वॉर्डाला तिचा सुगावा लागू न देण्यात परिचारिकांचे सारे चातुर्य खर्ची पडे. घरी पाठविण्याजोगे रोगी आधीच घरी पाठविले जात, पुढे ढकलण्याजोग्या शस्त्रक्रिया जानेवारीवर टाकल्या जात, आणि उरलेल्यांच्या खाटा जवळ ओढून मध्ये मोठे टेबल मांडावयास जागा केली जाई. २४ तारखेच्या संध्याकाळी वॉर्डातील दिवे मंद करून परिचारिका आपले निळे झगे उलटे, म्हणजे आतील तांबडे अस्तर बाहेर येईल असे, पांघरीत आणि हातात कंदील घेऊन कॅरल गात एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जात. मुलांच्या वॉर्डात सांताक्लॉज व्हावयाचे ते एखाद्या हाउसमनने, म्हणजे आवारातच राहणाऱ्या तरुण निवासी डॉक्टराने. रात्रभर जागून झाल्यावर कापसाची दाढी लावून त्याने पोतडीतील खेळणी वाटावयाची, आणि एखाद्या चाणाक्ष पोराने बुटांवरून त्याला ओळखावयाचे.

पंचवीस तारखेस दुपारी मुख्य सोहळा होई. वॉर्डाचे मानद शल्यवैद्य सहकुटुंब सहपरिवार येत, डोक्यावर आचाऱ्याची उंच पांढरी टोपी चढवीत, आणि वॉर्डाच्या मध्यभागी ठेवलेली अखंड टर्की रोग्यांच्या देखत कापीत. वर्षभर ज्यांच्या हातातील सुरीचे भय वाटावयाचे त्यांच्या हातून पानात मांसाचा तुकडा पडताना रोग्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. १९३२ पासून तीन वाजता रेडिओवर राजाचे भाषण ऐकू येऊ लागले आणि तोही विधीचा भाग झाला. याखेरीज निवासी डॉक्टर व विद्यार्थी मिळून एक नाटकी खेळ बसवीत, त्यात वरिष्ठांच्या चालण्याबोलण्याच्या नकला यथेच्छ होत, आणि खुद्द वरिष्ठ पुढल्या रांगेत बसून त्यांना हसत. आपल्याकडे शिमग्यात बोलण्याची जी मोकळीक असते तिचाच हा विलायती प्रकार होता.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शल्यवैद्य तासाभराने टोपी काढून गाडीत बसत. हाउसमन तेथेच राही. तो तेथे राही याचे कारण त्याला अन्यत्र घरच नसे. हाउस फिजिशियन किंवा हाउस सर्जन म्हणून नेमणूक झाली म्हणजे रुग्णालयातील एक खोली, मेसमधील जेवण आणि कपड्यांची धुलाई एवढाच मुशाहिरा अनेक नामांकित संस्था देत. त्यावर रोख रक्कम मिळालीच तर ती हातखर्चापुरती. विवाहित मनुष्य बहुधा या जागेवर घेतच नसत. रुग्णालयाचे फाटक ओलांडून बाहेर जावयाचे तर आपल्या जागी दुसरा कोणी उभा करावा लागे. अशा मनुष्याला ‘तुझी पाळी केव्हा संपते’ असे कोणी विचारले असते तर प्रश्नाचा अर्थच त्याला कळला नसता. मला असे वाटते की वॉर्डातील तो प्रसिद्ध नाताळ मुळात या बंदिवासावर उभा होता. डॉक्टर, परिचारिका, रोगी, तिघेही आवारात अडकलेले. म्हणून तो सण कौटुंबिक झाला. त्याच्या आठवणी लिहिणारे वृद्ध डॉक्टर सणाचे वर्णन पानभर करतात आणि बंदिवासाचे एका ओळीत.

आणखी एक गोष्ट त्या आठवणींत हसत हसत सांगितलेली असते. प्रत्येक सिस्टरच्या खोलीत त्या दिवशी शेरीची बाटली उघडलेली असे, आणि वॉर्डांमागून वॉर्ड फिरताना ती नाकारणे हा अपमान समजला जाई. सायंकाळी त्याच हातांनी आंत्रपुच्छ काढावयाचे असे. रोग्यांच्या सुदैवाची मोजदाद कोणत्याही दफ्तरात नाही.

कामाचे म्हणावे तर नाताळची सकाळ बहुधा शांत जाते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. छातीत कळ आली तरी भोजनाचा बेत मोडू नये म्हणून माणसे दम धरतात, आणि पाने उचलल्यावर रुग्णालयाची वाट धरतात. मग टर्की कापताना कापलेली बोटे, घशात अडकलेली हाडे, नव्या सायकलीवरून पडलेली मुले, बर्फावर घसरून मांडीचे हाड मोडलेल्या आजीबाई, आणि मद्य. सणासुदीच्या अतिपानानंतर हृदयाचा ठेका बिघडतो याला १९७८ साली अमेरिकन डॉक्टरांनी ‘हॉलिडे हार्ट’ असे नावच दिले. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील पावणेतीन लाखांहून अधिक हृदयविकाराच्या झटक्यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा २४ डिसेंबरला, म्हणजे त्या देशात सण ज्या दिवशी मुख्यतः साजरा होतो त्या दिवशी, त्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी वाढलेले आणि रात्री दहाच्या सुमारास शिगेस पोचलेले आढळले. हा निबंध प्रसिद्ध झाला तो ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात. १९८२ पासून निघणारा हा वार्षिक अंक थट्टेसाठी प्रसिद्ध असला तरी त्यातील सर्वच मजकूर थट्टेचा नसतो.

हवामानाचीही भर पडे. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. तेव्हाच्या गणतीप्रमाणे सुमारे ४,००० माणसे त्यात दगावली, आणि पुढील संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. धुके विरले, पण श्वास कोंडलेले म्हातारे नाताळ उलटेपर्यंत वॉर्डात होते. १९६२ साली २६ डिसेंबरला दक्षिण इंग्लंडात बर्फ पडू लागले आणि मार्चपर्यंत हटले नाही. युद्धकाळात, १९४० च्या नाताळात, लंडनवरील बाँबवर्षावाला दोन दिवस उसंत मिळाली खरी. परंतु २९ तारखेच्या रात्री सेंट पॉल कॅथेड्रलच्या भोवतालचा सारा परिसर पेटला.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि धर्मादाय रुग्णालये सरकारजमा झाली. मानदांना वेतन मिळू लागले. हाउसमनलाही मिळू लागले, परंतु त्यातून खोली व जेवण यांचे पैसे वळते होत. १९५० च्या कायद्याने तर रजिस्टरात नाव चढण्यापूर्वी एक वर्ष हे काम करणे सक्तीचे ठरले. रुग्णालये वाढली, कामकरी हात पुरेनात, आणि येथे आपल्या लोकांचा प्रवेश होतो. तत्पूर्वी रखमाबाईंनी १८८९ नंतरची काही वर्षे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत काढली होती, पण ते अपवादाचे उदाहरण. १९५० नंतर मुंबई, पुणे, नागपूर येथून पदवी घेतलेले तरुण एफ. आर. सी. एस. किंवा एम. आर. सी. पी. या उच्च वैद्यकीय पात्रतांच्या अक्षरांच्या आशेने जहाजाने, पुढे विमानाने, जाऊ लागले. साठीच्या दशकात तेथील कनिष्ठ डॉक्टरांत सुमारे तिसरा हिस्सा परदेशी, आणि त्यात भारतीय उपखंडातील फार. नामांकित शिक्षण-रुग्णालयांतील जागा त्यांना क्वचित लाभत. त्यांच्या वाट्यास उत्तरेकडील गिरण्यांची गावे आणि वृद्धांचे वॉर्ड येत. नाताळच्या तोंडावर कुटुंबे म्हाताऱ्यांना आणून सोडतात, ही त्या वॉर्डांची नित्याची तक्रार.

ख्रिस्ती नसलेल्या डॉक्टराने नाताळची ड्यूटी आपण होऊन घ्यावी, हा शिरस्ता कोणी हुकुमाने घातला नाही; तो सौजन्यातून पडला आणि हळूहळू हक्कात रूपांतरित झाला. स्कॉटलंडात तर आणखी गंमत होती. तेथील कडव्या प्रॉटेस्टंट परंपरेत नाताळला महत्त्व नव्हते, १९५८ पर्यंत तो दिवस सर्वत्र सुटीचाही नव्हता. त्यांचा खरा सण वर्षारंभाचा. त्यामुळे रुग्णालयात इंग्रज एक रात्र मागे, स्कॉटिश दुसरी, आणि दोन्ही सणांवर दावा नसलेला आपला मनुष्य दोन्ही रात्री उपयोगी पडे. १९७५ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि त्याला परीक्षेस बसणे भाग पडले, तरी तो जातच राहिला.

त्याच १९७५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इंग्लंडातील कनिष्ठ डॉक्टरांनी ४० तासांच्या आठवड्यासाठी काम आवरते घेतले. तास मोजण्याची कल्पनाच हाउसमनच्या जुन्या व्यवस्थेच्या मुळावर येणारी होती. १९९१ च्या करारात ७२ तासांची मर्यादा आली, युरोपीय नियमांनी २००४ साली ५८ आणि २००९ मध्ये ४८ तासांची सरासरी घातली, आणि तरुण डॉक्टर रुग्णालयाबाहेर राहू लागला. ज्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे वा बसही धावत नाही त्या दिवशी तो आता सायकलीवरून ड्यूटीवर येतो. टर्की बाहेरच्या स्वयंपाकघरातून ताटे वाढूनच येते. संसर्ग आणि आग यांच्या नियमांनी खऱ्या झाडाला वॉर्डात मज्जाव केला आहे. वृद्ध डॉक्टरांना याचे वाईट वाटते. मला त्यांच्या दुःखाविषयी आदर आहे, पण त्या टर्कीचा खर्च कोणाच्या नावे पडत होता हे विसरता येत नाही.

नव्या नेमणुका तेथे ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी होतात आणि पाळ्यांचे पत्रक आगाऊ काढावे लागते. नाताळ अथवा नववर्ष, दोहोंपैकी एकच सुटी मिळते, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. मराठी डॉक्टर नाताळ देऊन दिवाळी मागतो. ती सरकारी सुटी नसल्याने ती त्याच्या हक्काच्या रजेतून कापली जाते, आणि रजेचा अर्ज साधारण सहा आठवडे आधी जावा लागतो. म्हणून लक्ष्मीपूजनाची इंग्रजी तारीख त्याने पंचांगातून जुलैतच काढून ठेवलेली बरी.