मैत्रिणीच्या लग्नाची वर्गणी

आमच्या वर्गांत दोन वर्षें युरोपचा इतिहास शिकून गेलेली एक विद्यार्थिनी हल्लीं इंग्लंडांत लीड्स येथें एका कचेरींत हिशेबाचें काम करिते. मध्यंतरीं तिचें एक लांबलचक पत्र आलें. तिच्या कचेरींतील एका इंग्रज मुलीचें लग्न ठरलें असून, लग्नापूर्वीं वधूला घेऊन तिच्या नऊ मैत्रिणींनीं लिस्बन शहरीं तीन रात्री घालवाव्या असा बेत झाला होता. विमानाचें तिकीट, घराचें भाडें, नौकाविहार, दोन मेजवान्या, सर्वांच्या अंगावर एकसारखे सदरे, आणि वधूच्या खर्चाचा नववा हिस्सा, असे सर्व मिळून प्रत्येकीच्या वांट्यास ५४० पौंड आले. आमच्या विद्यार्थिनीनें तितकेच पैसे दिवाळींत सांगलीस येऊन आजीला भेटण्यासाठीं बाजूस ठेविले होते. पत्राच्या शेवटीं ती विचारते, "सर, या प्रकाराला इतिहासांत कांहीं आधार आहे का, कीं हें सारें विमान-कंपन्यांनीं काढलेलें खूळ आहे?"

प्रश्न विनोदानें विचारलेला असला तरी रक्कम विनोदाची नव्हे. एप्रिल २०२५ मध्यें ब्रिटनांत एकवीस वर्षें व त्यावरील कामकऱ्यांसाठीं तासास १२ पौंड २१ पेन्स हें किमान वेतन ठरलें. त्या दरानें ५४० पौंड मिळविण्यास चव्वेचाळीस तासांहून अधिक काम करावें लागतें. म्हणजे मैत्रिणीच्या लग्नाआधींच्या तीन रात्रींसाठीं सामान्य मुलीनें एक आठवडाभर राबावें, आणि त्यानंतर प्रत्यक्ष लग्नाचा पोशाख, प्रवास व भेट यांची चिंता निराळी करावी! अशा दोन मैत्रिणींचीं लग्नें एका उन्हाळ्यांत आलीं म्हणजे मग विचारावयास नको.

या प्रकारास तिकडे 'हेन पार्टी' म्हणतात. हेन म्हणजे कोंबडी. केवळ स्त्रियांचा जो मेळावा त्यास हें थट्टेचें नांव एकोणिसाव्या शतकांतच मिळालेलें आढळतें. पण त्या वेळीं त्याचा लग्नाशीं कांहीं संबंध नव्हता. लग्नापूर्वींचा वधूचा समारंभ हा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला. तथापि शब्द अलीकडचा म्हणून वस्तूही अलीकडची असें समजण्याचें कारण नाहीं. दुसऱ्याच्या लग्नासाठीं पाहुण्यानें आपली थैली मोकळी करण्याची चाल ब्रिटिश बेटांत फार जुनी आहे, आणि ती श्रीमंतांची नसून गरिबांची आहे.

स्कॉटलंडांत सतराव्या शतकांत 'पेनी-विवाह' म्हणून एक प्रकार चांगलाच रूढ होता. वधूवरें गरीब असत. मेजवानी घालण्याची त्यांची ऐपत नसे. म्हणून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानें आपल्या खाण्यापिण्याबद्दल एक नाणें द्यावें, खर्च भागून जें उरेल तें नव्या जोडप्यानें संसार मांडण्यास घ्यावें, असा संकेत होता. ही पेनीही स्कॉटलंडची. १७०७ सालीं दोन्ही देशांचीं पार्लमेंटें एक झालीं तेव्हां बारा स्कॉट पौंडांस एक इंग्रजी पौंड असा दर होता, यावरून त्या नाण्याचें मोल ध्यानीं येईल. पुढें वर्गणीचा आंकडा वाढत जाऊन शिलिंगापर्यंत गेला, पण नांव पेनीचेंच राहिलें. पाहुणे जितके अधिक तितका जोडप्याचा लाभ अधिक, म्हणून ओळखीदेखीची अटच नसे. रस्त्यानें जाणारा वाटसरूही नाणें टाकून नाचांत शिरे.

धर्माधिकाऱ्यांना अर्थातच हें खपेना. मद्यपान, फिडलचे सूर, स्त्रीपुरुषांचें एकत्र नृत्य, आणि ह्या सर्वांस विवाहासारख्या विधीचें निमित्त! स्कॉटलंडच्या चर्चची जनरल असेंब्ली म्हणून जी वरिष्ठ सभा, तिनें १६४५ सालीं या पेनी-विवाहांस आळा घालण्याचा ठराव केला. १६८१ सालीं तर तेथील पार्लमेंटानेंच लग्न, बारसें व प्रेतसंस्कार यांवरील खर्चास मर्यादा घालणारा कायदा करून, जवळच्या कुटुंबीयांखेरीज प्रत्येक पक्षाकडील चारांहून अधिक स्नेहीजन लग्नास नसावे असें फर्माविलें. अशा कायद्यांचें जें सर्वत्र होतें तेंच याचें झालें. डेव्हिड विल्की या चित्रकारानें १८१८ सालीं, म्हणजे या कायद्यानंतर सुमारें एकशें सदतीस वर्षांनीं, युवराजासाठीं एक प्रसिद्ध चित्र रंगविलें. त्याचें नांवच 'पेनी-विवाह' असें आहे. त्यांत फिडल वाजवीत बसलेला नील गौ हा वादक १८०७ सालींच वारला होता. चित्रकारानें मेलेल्या वादकास पुन्हां लग्नास बोलाविलें, एवढी त्या मेजवान्यांची आठवण लोकांस गोड होती.

वेल्समधील प्रकार याहून व्यवस्थित होता, आणि आमच्या मतें तोच अधिक विचार करण्याजोगा आहे. तेथें लग्नाचें बोलावणें करण्यासाठीं 'ग्वहोदुर' नांवाचा माणूस फिती बांधलेली काठी घेऊन घरोघर हिंडे, आणि विनोदी पद्यांत वधूवरांची नांवें, दिवस, जागा व मेजवानींतील पदार्थ सांगे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या माणसाची जागा हळूहळू छापील पत्रांनीं घेतली; कारमार्थन वगैरे गांवच्या छापखान्यांतून निघालेलीं अशीं पुष्कळ पत्रें आजही जपून ठेविलेलीं आहेत. पत्रांतील मजकूर मोठा निर्भीड असे. आपण अमुक दिवशीं लग्न करून संसार थाटीत आहोंत, तरी आपण येऊन जें कांहीं द्याल तें कृतज्ञतेनें स्वीकारूं, व आपणांकडे असा प्रसंग येतांच तें आनंदानें परत करूं, अशी त्यांत सरळ भाषा असे. इतकेंच नव्हे, तर वराच्या आईबापांनीं किंवा भावांनीं पूर्वीं इतरांच्या लग्नांत जें दिलें असेल तें या दिवशीं या जोडप्यास फेडावें, अशीही मागणी पुढें जोडलेली असे. या परतफेडीच्या आहेरास वेल्श भाषेंत 'पुइथॉन' म्हणत. लग्नघरीं एकजण वही घेऊन बसे आणि देणाऱ्याचें नांव, गांव व रक्कम लिहून घेई. वहींतील आंकडा हें ऋण होतें, आणि तें मुलांकडेही वारशानें जात असे.

आमच्याकडील आहेराच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. आमच्या आजीच्या पेटींत अशी एक वही होती. 'खण एक, रुपये दोन' अशा नोंदींपुढें कांहीं ठिकाणीं बारीक फुली असे. ती फुली म्हणजे फेड झाली. लहानपणीं आम्हांस तो हिशेबीपणा कोता वाटे. आतां वाटत नाहीं. तारण नाहीं, व्याज नाहीं, आणि ज्याला सर्वांत अधिक गरज त्याच्या हातीं सर्वांची शिल्लक एकदम पडते, अशी ती एक पेढीच होती. वेल्समधील शेतमजुरास लग्नाच्या दिवशीं गाय किंवा पलंग घेण्याइतकी रक्कम दुसऱ्या कोठून मिळणार होती?

याच वहीसंबंधानें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. लग्नास जातां आलें नाहीं तर शेजाऱ्याबरोबर रक्कम पाठवितां येत असे. नांव वहींत चढे. गैरहजेरीची भरपाई होत असे, आणि गैरहजर राहणाऱ्याचें समाजांतील स्थान अबाधित राहत असे.

गिरण्यांच्या काळांत ही चाल कारखान्यांत शिरली. स्कॉटलंडांतील व उत्तर इंग्लंडांतील कारखान्यांत काम करणाऱ्या मुली लग्न ठरलेल्या सोबतिणीस रंगीत कागद, फिती व जुने पडदे यांनीं सजवून रस्त्यांतून मिरवीत. स्कॉटलंडांत तिच्यासोबत मीठ घातलेलें एक शयनगृहांतील भांडें असे (वाचकांनीं नाक मुरडूं नये, भांडें नवें असे) आणि त्यांत एक बाहुली ठेवीत. वधूनें त्यावरून उडी मारावयाची. जाणारे येणारे लोक भांड्यांत नाणीं टाकीत. ही मिरवणूक विसाव्या शतकांतही पुष्कळ वर्षें चालू होती, आणि आजच्या हेन पार्टीचें खरें मूळ आम्हांस येथेंच दिसतें. डोक्यावर खोटा बुरखा व अंगावर पट्टा घालून विमानतळावर हिंडणारी इंग्रज वधू ही त्या गिरणींतील मुलीची नातच होय. फरक भांड्याचा आहे. आजीच्या भांड्यांतील पैसा वधूच्या घरीं जात असे. नातीच्या मैत्रिणींचा पैसा वधूच्या घरीं जात नाहीं.

तो कोठें जातो व कां जातो हें पाहण्यास दोन वेगळ्या इतिहासांचे धागे जोडावे लागतात. पहिला सुटीचा. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रियांस शनिवारीं दुपारीं दोननंतर कामास लावण्याची मनाई झाली, आणि शनिवार-रविवार जोडून सुटी ही कल्पना येथून आकारास आली. ब्लॅकपूलला आगगाडी १८४६ सालीं पोंचलीच होती. लँकेशायरमधील गांवें पाळीपाळीनें वर्षांतून एक आठवडा गिरण्या बंद ठेवून समुद्राकडे लोटूं लागलीं. पगारी रजेचा कायदा १९३८ चा. तोंपर्यंत त्या आठवड्याचें वेतन मिळत नसे. म्हणून कामकरी लोक वर्षभर दर आठवड्यास कांहीं पेन्स बचत-मंडळांत टाकीत आणि सुटीच्या तोंडावर ती रक्कम उचलून निघत. आधीं साठवा, मग जा. हवाई वाहतुकीनें हा क्रम उलटा केला. युरोपीय संघांतील विमान-कंपन्यांवरचीं जुनीं बंधनें १९९३ च्या आरंभीं बव्हंशीं उठलीं व १९९७ मध्यें उरलेलींही गेलीं. १९९५ च्या नोव्हेंबरांत ईझीजेटचें पहिलें विमान ल्यूटनहून ग्लासगोस उडालें. थोड्याच वर्षांत डब्लिन, प्राग, बार्सिलोना हीं शहरें ब्लॅकपूलइतकीं जवळ आलीं. तिकीट स्वस्त म्हणून बेत ठरतो. आणि मग तिकीट हाच काय तो स्वस्त भाग होता असें ध्यानीं येतें. शिवाय पैसे आज द्यावे लागत नाहींत, पतपत्रावर चढतात.

दुसरा धागा विवाहाचा. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत प्रथम लग्न करणारी स्त्री सरासरीनें बावीस-तेवीस वर्षांची असे. हल्लीं तिनें तिशी ओलांडलेली असते, आणि बहुतेक जोडपीं लग्नापूर्वींच एकत्र राहत असतात. पलंग घेतलेला असतो, भांडीं असतात. मैत्रिणींनीं नाणीं टाकावीं असें कामच वधूच्या घरीं उरलेलें नाहीं. परंतु टाकण्याची संवय उरली, आणि त्या पैशांस नवी वाट मिळाली. २०२२ च्या ऑक्टोबरांत ब्रिटनमधील भाववाढ ११.१ टक्क्यांवर, म्हणजे एकेचाळीस वर्षांतील उच्चांकावर गेली, तेव्हां खाण्यापिण्याचे व प्रवासाचे सर्वच दर चढले हें खरें. तरी खर्चवाढीचा सारा दोष महागाईवर ढकलणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. एका संध्याकाळच्या तीन रात्री झाल्या, हें महागाईनें केलेलें नाहीं.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७० चा कायदा होईपर्यंत इंग्लंडांतील विवाहित स्त्रीची स्वतःची मजुरीसुद्धां कायद्यानें नवऱ्याची असे. त्या देशांत दहा मुली स्वतःच्या कमाईनें, कोणाची परवानगी न मागतां, परमुलखांत तीन दिवस हंसूनखेळून येतात यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. प्रौढ लोक त्यांच्या सदऱ्यांस व पट्ट्यांस नांवें ठेवितात, त्यांत आम्ही सामील नाहीं. आमचा आक्षेप हिशेबाच्या रीतीला आहे.

ती रीत अशी. वधूची मुख्य करवली घर ठरविते व पैसे भरून टाकिते. मग एकूण रकमेस डोक्यांनीं भागावयाचें. वेल्समध्यें एक पाहुणा आला नाहीं तर वहींतील एक ओळ कमी होई. दुसऱ्या कोणाचें देणें वाढत नसे. येथें एक मुलगी गळाली कीं उरलेल्या सर्वांचा भार वाढतो. म्हणजे नकार हा आतां वधूस दिलेला नसून सोबतिणींवर बसविलेला कर ठरतो. शेजाऱ्याबरोबर रक्कम पाठवावी तर ती घेणारें घरच नाहीं; घरमालकाला व नावाड्याला कोण आहेर पाठविणार? आणि परतफेडीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. जिचें लग्न आधीं झालें आहे, किंवा जिला करावयाचेंच नाहीं, तिचें दिलेलें तिच्याकडे कोणत्या वाटेनें यावें? आमच्याकडे केळवणास गेलेल्या मुलीस ताटाचे पैसे कोणी विचारीत नाहीं, आणि वेल्समध्यें विचारीत तेव्हां वही ठेवीत. लिस्बनमध्यें पैसे मागतात आणि वही ठेवीत नाहींत.

एवढें सर्व आम्हीं आमच्या विद्यार्थिनीस कळविलें. तिचें उत्तर सहलीनंतर आलें. ती गेली होती. दिवाळीचें येणें पुढें ढकललें. नऊपैकीं एकीनें निघण्यापूर्वीं तीन आठवडे नांव काढून घेतलें, त्यामुळें घर, नाव आणि वधूचा खर्च मिळून जो प्रत्येकीचा २७० पौंडांचा सामाईक हिस्सा होता तो ३०३ पौंड ७५ पेन्स झाला. या तेहतीस पौंडांवरून आठजणींनीं विमानांत त्या मुलीची बरीच निंदा केली, त्यांत आपणही होतों, असें ती लिहिते. ती मुलगी पुढें लग्नासही आली नाहीं. वहीची हकीकत वाचल्यावर तिला पत्र लिहावेंसें वाटलें, परंतु घरचा पत्ता आठांपैकीं कोणाकडेच नव्हता. तो मिळविण्याच्या खटपटींत आपण आहों, असा पत्रांतील शेवटचा मजकूर आहे.