उतारवयातील शिकणे

उतारवयात संगणक हाताळल्याने बुद्धी तल्लख राहते का? हा प्रश्न कसकसा तपासला गेला ते आपण पाहू.

अमेरिकेत, डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांना वेगवेगळ्या गटांत विभागले. काहींना डिजिटल कॅमेरा व संगणकावर छायाचित्रे सुधारणे शिकवले, काहींना गोधड्या शिवणे. एक गट नुसता गप्पा, सहलींत रमला. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची, विशेषतः छायाचित्रणवाल्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली होती.

मात्र सगळेच दावे टिकले नाहीत. 'ल्युमोसिटी' हे मेंदूचे खेळ स्मृतिभ्रंश लांबवतात, असे तिची कंपनी सांगे. पुराव्याअभावी २०१६ साली तिला २० लाख डॉलर भरावे लागले.

२०२५ साली ५७ अभ्यास एकत्र तपासले गेले. डिजिटल साधने वापरणाऱ्या वृद्धांत बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. पण साधनांमुळे बुद्धी टिकली, की बुद्धी टिकलेल्यांनीच साधने वापरली? हा प्रश्न आपण वर्गात जरूर विचारावा.

आजीच्या हाती नुसता फोन देऊन भागणार नाही, असे आम्हाला वाटते. शेजारी बसून तो शिकवायलाही हवा.