सां तोमेचा कोको आणि एका सज्जन पेढीची आठ वर्षे

प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या पतनावर शोक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची एक लांबलचक यादी आली आहे. सोने, रुपे, रत्ने, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरे, घोडे, आणि सर्वांच्या शेवटी माणसे. या क्रमावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण अशीच एक यादी एका ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष येऊन पडावी, असा प्रसंग १९०१ साली घडला. त्या यादीचे पुढे काय झाले, हे आपण धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी नीट पाहण्यासारखे आहे.

तो व्यापारी म्हणजे बर्मिंगहॅमजवळील बोर्नव्हिल येथील कॅडबरी बंधू या पेढीतील विल्यम कॅडबरी. हे घराणे क्वेकर पंथाचे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटला १७८३ साली पहिला मोठा अर्ज केला तो याच पंथाने. विल्यमचे चुलते जॉर्ज कॅडबरी यांनी कामगारांसाठी बागा असलेली घरे बांधली, बर्मिंगहॅमच्या प्रौढांच्या रविवारशाळेत अनेक वर्षे स्वतः शिकवले. ढोंगी धनिकांची गोष्ट सांगणे सोपे असते. ही गोष्ट तशी नाही, म्हणूनच ती अवघड आहे.

पेढीला लागणाऱ्या कोकोपैकी सुमारे निम्मा त्या काळी सां तोमे व प्रिन्सिप या पश्चिम आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज बेटांवरून येई. १९०१ साली विल्यम वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद येथे गेले असता या बेटांवरील मजूर वस्तुतः गुलाम आहेत, असे त्यांच्या कानी आले. त्याच वर्षी सां तोमेवरील एका विक्रीस निघालेल्या मळ्याचे पत्रक त्यांच्या पाहण्यात आले. त्यात मळ्याच्या मालमत्तेत दोनशे काळे मजूर धरले असून त्यांची किंमत ३,५५५ पौंड लावली होती. म्हणजे माणशी अठरा पौंडांहूनही थोडी कमी.

कायद्याच्या दृष्टीने तेथे गुलाम नव्हतेच. पोर्तुगालने १८६९ च्या हुकमाने आपल्या सर्व मुलखातील गुलामगिरी रद्द केली होती. (गोव्यातील वाचकांच्या ध्यानात येईल की, गोव्याचा आणि सां तोमेचा कारभार लिस्बनमधील एकाच मंत्रालयातून चालत असे.) आता त्या माणसांना 'सेर्व्हिसाइश', म्हणजे कराराचे मजूर, म्हणत. अंगोलाच्या अंतर्भागात दलाल त्यांना विकत घेत व शेकडो मैल चालवत समुद्रकाठी आणीत. तेथे सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे करून, तू राजीखुशीने जातोस काय, असे विचारले जाई. उत्तर कोणी ऐकत नसे. मग प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक कोरलेली पत्र्याची चकती आणि कराराचा कागद घातलेली पत्र्याची नळी अडकवली जाई. करार पाच वर्षांचा. परंतु बेटांवरून अंगोलास परत आलेला मजूर जवळजवळ कोणाच्याही पाहण्यात नव्हता, आणि मळ्यावर जन्मलेले मूलही मळ्याचेच होई.

ही नळी मला त्या काळातील सर्व बेड्यांहून अधिक भयंकर वाटते. बेडी निदान आपण बेडी असल्याचे लपवीत नाही.

१९०१ साली इतके सर्व विल्यम यांना ठाऊक नव्हते. परंतु शंका रास्त आहे, एवढे नक्कीच ठाऊक होते. १९०३ साली ते लिस्बनला गेले. मळेवाल्यांनी आणि मंत्र्यांनी त्यांना नवा मजूरकायदा दाखवला, थोडा अवधी मागितला, आणि विश्वास नसल्यास स्वतः चौकशी करा, असे सुचवले. पेढीने चौकशीसाठी जोसेफ बर्ट हा आपल्याच पंथाचा गृहस्थ निवडला. त्याने आधी पोर्तुगीज भाषा शिकावी असे ठरले आणि १९०५ साल उजाडले. तोवर हेन्री नेविन्सन नावाचा पत्रकार अंगोलाच्या त्याच वाटेने जाऊन आलाही होता. वाटेकडेच्या झाडांवर लटकलेल्या लाकडी बेड्या आणि विखुरलेली हाडे त्याने पाहिली, आणि १९०६ साली पुस्तकही प्रसिद्ध केले. बर्टचा अहवाल १९०७ साली तयार झाला. भाषा सौम्य, निष्कर्ष मात्र नेविन्सनचाच.

आता तरी खरेदी थांबायला हवी होती. पण ब्रिटिश परराष्ट्र खात्याने पेढीला थोपवले : आम्ही लिस्बनशी बोलत आहोत, तोवर धीर धरा. या बोलण्याला एक पडद्याआडची बाजू होती. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर लागत, त्यामुळे लिस्बनला दुखावणे सरकारला परवडणारे नव्हते. पेढीने धीर धरला. आपण गिऱ्हाईक आहोत तोवरच आपल्या शब्दाला वजन आहे, खरेदी सोडली की ते वजन गेले, आणि माल दुसरा कोणीतरी घेईलच, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउन्ट्री या तिन्ही क्वेकर पेढ्यांनी खरेदी थांबवली, तेव्हा सां तोमेच्या कोकोला अन्यत्र गिऱ्हाईक मिळालेच. पण वजन वापरायचे, तर ते केव्हा वापरणार हे सांगावे लागते. अमुक तारखेपर्यंत मजूर घरी परतले नाहीत तर आम्ही घेणार नाही, असे पेढीने लिस्बनला सुरुवातीसच बजावले असते, तर त्या वजनाला अर्थ होता. तारीख नव्हती, म्हणून प्रत्येक नवी चौकशी ही आणखी एका वर्षाच्या खरेदीची सोय होऊन बसली. माझ्या मते दोष लबाडीचा नव्हे, मुदत न घालण्याचा होता. आणि सज्जन माणसांच्या ठायी हाच दोष अधिक आढळतो.

सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्राने बोर्नव्हिलच्या शुभ्र हातांच्या मागे दडलेल्या काळ्या हातांवरून पेढीला झोडपले. त्यात राजकीय द्वेष उघड होता. जॉर्ज कॅडबरी 'डेली न्यूज' या उदारमतवादी पत्राचे मालक, आणि त्या पत्राने दक्षिण आफ्रिकेतील चिनी मजुरांच्या 'गुलामगिरी'वरून विरोधकांना हैराण केले होते. पेढीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला सुनावणी झाली. पत्राचे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यमना विचारले की, १९०१ ते १९०८ या काळात तुमच्यासाठी कोको पिकवताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज तुम्ही केला आहे काय? उत्तर नकारार्थी आले. ज्यूरींनी निकाल पेढीच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

पेढीने पुढे गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील आफ्रिकी शेतकऱ्यांचा कोको घेतला. ते लोक स्वतःच्या जमिनीत स्वतःसाठी पिकवत. म्हणजे दुसरी वाट होती.

त्या १९०१ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००१ साली, चॉकलेट उद्योगाने घाना व आयव्हरी कोस्ट येथील कोकोमधील बालमजुरीचे अतिवाईट प्रकार संपवण्याचा करार केला. मुदत २००५ ची होती. ती २००८ वर, मग २०१० वर आणि पुढे उद्दिष्ट सौम्य करून २०२० वर गेली. या खेपेस तारीख होती, पण ती मोडल्यास खरेदी थांबेल असे कोणी म्हटले नव्हते. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याने मोठ्या कंपन्यांवर दरवर्षी निवेदन काढण्याचे बंधन घातले. मात्र आम्ही काहीही उपाय योजलेले नाहीत, असे निवेदनात लिहिले तरी कायद्याची पूर्तता होते. कार्सनच्या प्रश्नावरील तो नकार आता छापील स्वरूपात देता येतो.

आमच्या सीमाभागात दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फिटली नाही, तर ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगार रद्द करणारा कायदा आपल्याकडे १९७६ सालीच झाला आहे. सां तोमे आणि ही कोपी यांना मी एका मापाने मोजत नाही. हे लोक चैत्र-वैशाखात आपल्या गावी परततात, आणि हा भेद लहान नव्हे. पण एका मुकादमाने मला आपली वही दाखवली होती, आणि तीत काही नावांपुढे 'मागील बाकी' असे लागोपाठ तीन वर्षे लिहिलेले होते. त्या गोष्टीस आता दुसरे वर्ष आहे. आमच्या भोजनगृहात येणारी साखर कोणत्या कारखान्याची, हे मी अद्याप विचारलेले नाही.