मेंढीच्या मेंदूची लस आणि टी-पेशी

पिसाळलेले कुत्रे चावल्यास पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही आठवण महाराष्ट्रात खेडोपाडी आजही आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे सिद्ध केली. पुढे ती मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागली. अलर्काचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवून तो कार्बॉलिक अम्लाने निष्प्रभ करीत. या लसीने अगणित प्राण वाचविले. परंतु ती घेणाऱ्यांपैकी काहींना पक्षाघात झाला.

दोष विषाणूचा नव्हता, मेंदूच्या ऊतकाचा होता. १९३३ मध्ये टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना मेंदूचा अर्क वारंवार टोचून तसाच विकार उत्पन्न केला. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी रोगग्रस्त उंदरांच्या लसीका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत घालून तो संक्रमित केला. केवळ टी-पेशींनीही तो घडतो, हे १९८१ मध्ये सिद्ध झाले. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण या पेशी परके मानतात. मल्टिपल स्क्लेरोसिसची आजची उपपत्ती प्रामुख्याने यावरच उभी आहे. अर्थात प्राण्यांतील विकार म्हणजे मानवी रोग नव्हे. बी-पेशींविरुद्धच्या औषधांना आलेला गुण पाहता टी-पेशींना एकमेव कारण मानता येत नाही.

रिव्हर्स यांच्या प्रयोगानंतरही सुमारे सत्तर वर्षे भारतात ही लस दिली जात होती. पेशीसंवर्धित लस उपलब्ध झाल्यावरही तिची किंमत आड आली. तेव्हा या ज्ञानाचे मूल्य केवळ प्रयोगशाळेतील प्राण्यांनीच चुकविले, असे इतिहासकारास म्हणता येणार नाही.